लंबपाद कुठे सापडतो : मेट्रिक स्पेसपासून हिल्बर्ट स्पेसपर्यंतचा अभ्यास

शाळेच्या भूमितीत बिंदूतून रेषेवर लंब टाकला की लंबपाद मिळतो आणि तोच रेषेवरचा सर्वांत जवळचा बिंदू असतो. तो खरोखर असतो का, एकच असतो का, हे तिथे कुणी विचारत नाही, कारण कागदावर तो दिसतोच. मेट्रिक (दोन बिंदूंमधलं अंतर), नॉर्म (सदिशाची लांबी) आणि हिल्बर्ट स्पेस (जिथे काटकोनही मोजता येतो) हा सगळा अभ्यास माझ्या मते या दोन प्रश्नांभोवती बांधता येतो. बिंदूच्या जागी फंक्शन आलं आणि रेषेच्या जागी अनंत मितींची सबस्पेस आली, तर लंबपाद सापडेल का? सापडायला नेमकं काय लागतं?

आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी दोन तुकड्यांत येतो. मेट्रिक स्पेस बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आणि उरलेलं फंक्शनल अनॅलिसिस एम.एस्सी.ला. मधल्या काळात कंप्लीटनेसची व्याख्या लक्षात राहते, पण ती कशासाठी होती हे निसटून जातं. म्हणून मी तिन्ही भाग एकाच वहीत, सलग केले. त्या क्रमाने जाताना कुठे काय अडतं आणि का अडतं, तेवढंच इथे लिहितो आहे.

मेट्रिकची कल्पना मॉरिस फ्रेशे यांच्या १९०६ च्या पॅरिसमधल्या प्रबंधातली, आणि ‘मेट्रिक स्पेस’ हे नाव फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी १९१४ मध्ये रूढ केलं. व्याख्या तीन ओळींची आहे. अंतर शून्य असेल तर आणि तरच बिंदू एक, जाण्यायेण्याचं अंतर सारखं, आणि वाट वाकडी केली तर अंतर कमी होत नाही. पहिल्या दोन अटी तपासायला मिनिट लागतं, तिसरी मात्र घाम काढते. उदाहरण म्हणून संख्यारेषेवर |एक्स − वाय| / (१ + |एक्स − वाय|) हे अंतर घ्या. बहुतेक जण इथे तिरकस गुणाकार करत सुटतात आणि पानभर पदांमध्ये हरवतात. त्याऐवजी आधी एवढंच बघायचं की टी/(१ + टी) म्हणजे १ − १/(१ + टी), म्हणून टी वाढला की हेही वाढतं. आता |एक्स − वाय| हे ए + बी पेक्षा मोठं नाही (ए आणि बी ही मधल्या बिंदूपर्यंतची दोन अंतरं), म्हणून आपलं अंतर (ए + बी)/(१ + ए + बी) पेक्षा मोठं नाही. हा अपूर्णांक फोडून ए/(१ + ए + बी) अधिक बी/(१ + ए + बी) लिहिला, आणि पहिल्याच्या छेदातून बी, दुसऱ्याच्या छेदातून ए काढून टाकला की छेद लहान होतात, अपूर्णांक मोठे होतात, त्रिकोणाची असमानता हातात येते. सगळं मिळून चार ओळी. हे अंतर कधीच १ पर्यंत पोचत नाही, ही गोष्ट वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नॉर्मकडे गेल्यावर ती लागणार आहे.

यानंतरचा पहिला खरा अडथळा म्हणजे डोक्यातलं चित्र. ओपन बॉल, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येपेक्षा कमी अंतरावरचे सगळे बिंदू, म्हटलं की आपण वर्तुळ काढतो. वर्तुळ काढायला माझी हरकत नाही, पण त्या वर्तुळाने सिद्धता लिहू नये. डिस्क्रीट मेट्रिकमध्ये वेगळ्या बिंदूंचं अंतर नेहमी १ असतं. तिथे त्रिज्या १ चा ओपन बॉल म्हणजे फक्त केंद्र, त्याचं क्लोजरही (सेट आणि त्याचे लिमिट बिंदू) फक्त केंद्रच, आणि त्रिज्या १ चा क्लोज्ड बॉल (त्रिज्येइतक्या अंतरावरचे बिंदूही धरून) म्हणजे अख्खी स्पेस. ओपन बॉलचं क्लोजर म्हणजे क्लोज्ड बॉल हे वाक्य नॉर्म असलेल्या स्पेसमध्ये खरं आहे, मेट्रिकमध्ये नाही, आणि नेट-सेटच्या तयारीत नेमकी याच जागी पकड सुटते. तसंच ‘ओपन’ (ज्याच्या प्रत्येक बिंदूभोवतीचा एखादा ओपन बॉल आत मावतो असा सेट) हा शब्द एकटा वापरायची सवय मोडावी लागते. [०, १/२) हा सेट संख्यारेषेत ओपन नाही, पण [०, १] या स्पेसमध्ये ओपन आहे. कशात ओपन, हे प्रत्येक वेळी लिहायचं. आणि ओपन नाही म्हणजे क्लोज्ड, असंही समजायचं नाही. दार उघडं किंवा बंद असतं, सेट दोन्ही असू शकतो किंवा दोन्हीपैकी काहीच नसू शकतो.

आता कंप्लीटनेस. कॉशी सिक्वेन्समधले बिंदू पुढेपुढे एकमेकांना चिकटत जातात, आणि अशी प्रत्येक सिक्वेन्स त्याच स्पेसमध्ये कुठेतरी जाऊन पोचत असेल तर स्पेस कंप्लीट. परिमेय संख्यांचं उदाहरण सगळेच देतात, पण माझ्या दृष्टीने जास्त शिकवणारं उदाहरण दुसरं आहे. संख्यारेषेवर |आर्कटॅन एक्स − आर्कटॅन वाय| हे अंतर घ्या. ओपन सेट तेच राहतात, नेहमीच्या अंतराने जी सिक्वेन्स कन्व्हर्ज होते तीच याही अंतराने होते. तरी १, २, ३, … ही सिक्वेन्स इथे कॉशी आहे, कारण आर्कटॅन पाय/२ कडे जातो, आणि ती कुठेच पोचत नाही. म्हणजे कंप्लीटनेस ओपन सेटवर ठरत नाही, मोजपट्टीवर ठरतो. हे एकदा मनात बसलं की पुढे ‘नॉर्म बदलला म्हणून काय बिघडलं?’ हा प्रश्न पडत नाही.

एखादी स्पेस कंप्लीट आहे हे सिद्ध करायच्या पायऱ्या कायम तीनच असतात. लिमिटसाठी उमेदवार शोधा. तो उमेदवार आपल्या स्पेसमध्ये बसतो हे दाखवा. आणि सिक्वेन्स आपल्या स्पेसच्या स्वतःच्या अंतराने त्याच्याकडे जाते हे दाखवा. तिसरी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. [०, १] वरची कंटिन्युअस फंक्शन्स आणि सुप्रीमम नॉर्म (फंक्शनची सर्वांत मोठी निरपेक्ष किंमत) घेऊन ती एकदा हाताने करावी. प्रत्येक टी ला एफ-एन(टी) ही संख्यांची कॉशी सिक्वेन्स आहे, म्हणून एफ(टी) हा उमेदवार मिळतो. मग |एफ-एन(टी) − एफ-के(टी)| < एप्सिलॉन, हे सर्व टी साठी एकाच वेळी खरं आहे, ही ओळ धरायची, एन तसाच ठेवायचा आणि फक्त के अनंताकडे न्यायचा. उरतं ते |एफ-एन(टी) − एफ(टी)| ≤ एप्सिलॉन, तेही सर्व टी साठी. इथे ‘<’ चं ‘≤’ होतं, ते न विसरता लिहा. सर्व टी साठी एकच एन चालला, म्हणूनच एफ कंटिन्युअस निघतो, नाहीतर दुसरी पायरी कोसळते.

ती कोसळते कशी, हे बघायला टी^एन ही फंक्शन्स पुरतात. [०, १] वर यांची बिंदूगणिक लिमिट म्हणजे १ सोडून सगळीकडे शून्य आणि १ ला १, म्हणजे तुटलेलं फंक्शन. सुप्रीमम नॉर्ममध्ये ही सिक्वेन्स कॉशी तरी आहे का? टी^एन वजा टी^२एन घ्या आणि टी^एन ला एस म्हणा. मग ते एस − एस² झालं, त्याची कमाल किंमत एस = १/२ ला १/४. एन कितीही मोठा असो, या दोघांमधलं अंतर १/४ च राहतं, म्हणून सिक्वेन्स कॉशी नाही. आता अंतर इंटिग्रलने मोजा, म्हणजे दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ. टी^एन खालचं क्षेत्रफळ १/(एन + १), ते शून्याकडे जातं आणि तीच सिक्वेन्स निमूटपणे शून्य फंक्शनकडे कन्व्हर्ज होते. फंक्शन्स तीच आहेत, फक्त मोजपट्टी बदलली आहे.

मग इंटिग्रल नॉर्म जास्त चांगला का? नाही, कारण त्यात कंप्लीटनेस जातो. एफ-एन असं घ्या की १/२ पर्यंत शून्य, तिथून एन चढाची सरळ रेषा, १/२ + १/एन ला उंची १, पुढे १ च. एफ-एन आणि एफ-के यांच्यातलं क्षेत्रफळ १/(२एन) आणि १/(२के) यांच्या फरकाइतकं, म्हणून कॉशी. इथे उत्तरपत्रिकेत हमखास एक वाक्य येतं की लिमिट तुटलेली पायरी आहे, ती स्पेसमध्ये नाही, म्हणून स्पेस कंप्लीट नाही. हे अपुरं आहे. टी^एन चंच बघा ना, तिथेही बिंदूगणिक लिमिट तुटलेली होती, तरी इंटिग्रल नॉर्ममध्ये सिक्वेन्स व्यवस्थित शून्याकडे गेली. दाखवायचं हे असतं की कुठलंच कंटिन्युअस फंक्शन चालणार नाही. समजा जी हे कंटिन्युअस फंक्शन लिमिट आहे. मग ० ते १/२ मधल्या |जी| चं इंटिग्रल शून्य, आणि जी कंटिन्युअस असल्याने तिथे जी शून्यच. १/२ च्या उजवीकडे कितीही जवळून सुरुवात करा, तिथून १ पर्यंत जी १ च. म्हणजे १/२ ला जी तुटला. आता सिद्धता पूर्ण झाली.

बानाख यांचं स्थिरबिंदूचं प्रमेय (१९२२) कंप्लीटनेसचा पहिला मोठा फायदा दाखवतं. कंप्लीट स्पेसमध्ये अंतरं १ पेक्षा लहान अशा एकाच क्यू पटीने कमी करणाऱ्या फंक्शनला एकच स्थिरबिंदू, म्हणजे न हलणारा बिंदू, असतो. ते कॅल्क्युलेटरवर करून बघायलाच हवं. रेडियन मोड लावा, १ टाका आणि कॉस दाबत राहा, आकडे ०.७३९०८५ ला स्थिरावतात. [०, १] वर कॉसचा उतार साइन १ पेक्षा, म्हणजे सुमारे ०.८४१५ पेक्षा, जास्त नाही. हा क्यू. चूक किती राहील याचा पुस्तकातला अंदाज क्यू^एन/(१ − क्यू) गुणिले पहिल्या दोन बिंदूंतलं अंतर असा असतो. त्यावरून सहा दशांश स्थळांइतक्या अचूकतेला ८७ वेळा कॉस दाबावा लागेल असं निघतं, प्रत्यक्षात तीस-पस्तीस वेळांत काम होतं, कारण उत्तराच्या आसपास उतार ०.६७ च आहे. अंदाज चुकलेला नाही, तो सगळ्यात वाईट शक्यता धरतो. क्यू हा १ पेक्षा ठरावीक अंतराने लहान हवा, हेही इथेच शिकायचं. [१, ∞) वर एक्स + १/एक्स हे फंक्शन कुठल्याही दोन बिंदूंना जवळ आणतं, स्पेस कंप्लीट आहे, तरी स्थिरबिंदू नाही. ‘अंतर कमी होतं’ आणि ‘अंतर एकाच क्यू ने कमी होतं’ या दोन वाक्यांमधला फरक एवढा मोठा आहे.

नॉर्मकडे आल्यावर बिंदूंची बेरीज करता येते, त्यांना संख्येने गुणता येतं, आणि अंतर त्या क्रियांशी प्रामाणिक राहतं. सदिश दुप्पट केला की लांबी दुप्पट. म्हणून वहीच्या कोपऱ्यातलं ते १ खाली अडकलेलं अंतर कुठल्याच नॉर्ममधून येऊ शकत नाही. सुरुवातीला प्रतलातले तीन युनिट बॉल एकाच अक्षांवर काढा. निरपेक्ष किमतींच्या बेरजेचा नॉर्म घेतला तर टोकावर उभा चौकोन, नेहमीच्या लांबीचं वर्तुळ, आणि कमाल किमतीच्या नॉर्मचा आडवा चौरस. प्रत्येकाला दुसऱ्यात बसवता येतं, थोडं लहान-मोठं केलं की झालं. फाइनाइट डायमेन्शनमध्ये सगळे नॉर्म असे एकमेकांत बसतात. अनंत मितींत हे मोडतं, आणि त्याचा पुरावा टी^एन ने आधीच दिला आहे, कारण सुप्रीमम नॉर्म १ च राहतो आणि इंटिग्रल नॉर्म शून्याकडे जातो.

अनंत मितींत हरवणारी दुसरी सवय म्हणजे ‘क्लोज्ड आणि बाउंडेड म्हणजे कंपॅक्ट’. कंपॅक्ट म्हणजे प्रत्येक सिक्वेन्समधून कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स निघणं. एल-टू मध्ये, म्हणजे ज्या सिक्वेन्सच्या वर्गांची बेरीज सांत आहे त्यांच्या स्पेसमध्ये, ई-१, ई-२, ई-३ घ्या, ई-एन मध्ये एनव्या जागी १ आणि बाकी शून्य. प्रत्येकाची लांबी १, कुठल्याही दोघांमधलं अंतर √२. यातून कॉशी सबसिक्वेन्स निघणं शक्यच नाही, म्हणून युनिट बॉल कंपॅक्ट नाही. सिद्धता लिहिताना ‘बाउंडेड आहे, म्हणून कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स घेऊ’ असं हात सवयीने लिहून जातो. मी ‘बाउंडेड’ हा शब्द आला की पेन थांबवून डायमेन्शन बघतो. लिनिअर मॅप आपोआप कंटिन्युअस असतो ही समजूतही इथेच सोडायची. टी^एन चा नॉर्म १, त्याच्या डेरिव्हेटिव्हचा नॉर्म एन, म्हणून सुप्रीमम नॉर्ममध्ये डेरिव्हेटिव्ह काढणं ही बाउंडेड, म्हणजेच कंटिन्युअस, क्रिया नाही.

हान-बानाख, युनिफॉर्म बाउंडेडनेस, ओपन मॅपिंग, क्लोज्ड ग्राफ ही चार प्रमेयं इथे येतात. त्यांच्या सिद्धता कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळतील. मला उपयोगी पडलं ते एवढंच, की प्रत्येकाखाली कंप्लीटनेस कुठे लागला हे लाल पेनने लिहायचं. हान-बानाखला लागतच नाही. युनिफॉर्म बाउंडेडनेसला (प्रत्येक बिंदूवर बाउंडेड असलेल्या मॅप्सचे नॉर्मही मिळून बाउंडेड असतात) ज्या स्पेसवरून मॅप निघतात ती कंप्लीट हवी, ओपन मॅपिंगला दोन्ही बाजू. ती अट काढून बघायला सी-झिरो-झिरो ठेवावी. ही अशा सिक्वेन्सची स्पेस, जिच्यात ठरावीक जागेनंतर सगळी शून्यंच असतात. नॉर्म एल-टूचाच. एनव्या जागेच्या संख्येला एन ने गुणणारा फंक्शनल (सदिशावरून संख्या देणारा लिनिअर मॅप) घ्या. कुठल्याही एका बिंदूवर हे सगळे फंक्शनल मिळून बाउंडेड आहेत, कारण पुढे शून्यंच आहेत, पण त्यांचे नॉर्म १, २, ३ असे वाढतच जातात. प्रमेय मोडलं, कारण स्पेस कंप्लीट नाही. या सी-झिरो-झिरोला वहीत स्वतंत्र पान द्या.

बानाख यांचं काम ज्या ल्वूव्ह शहरात झालं (तेव्हा पोलंडमध्ये, आता युक्रेनमध्ये), तिथल्या स्कॉटिश कॅफेत गणिती मंडळी एका वहीत प्रश्न लिहून ठेवत. १९३६ मध्ये मझुर यांनी त्यात एक प्रश्न लिहिला आणि बक्षीस म्हणून जिवंत हंस कबूल केला. प्रत्येक सेपरेबल बानाख स्पेसला (नॉर्म असलेली कंप्लीट स्पेस, जिच्यात एक सिक्वेन्स सगळीकडे दाट पसरलेली असते) बेसिस, म्हणजे ज्यांच्या अनंत बेरजेने प्रत्येक बिंदू एकाच पद्धतीने लिहिता येतो असे सदिश, असतो का, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला. १९७२ मध्ये स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी ‘नसतो’ असं दाखवलं आणि वॉर्सात त्यांना हंस मिळाला. हे सांगायचं कारण, हिल्बर्ट स्पेसमध्ये बेसिस इतक्या सहज मिळतो की ती तिथली खास देणगी आहे हे लक्षातच येत नाही.

ती देणगी इनर प्रॉडक्टची, म्हणजे दोन सदिशांवरून एक संख्या देणाऱ्या आणि त्यातून लांबी व काटकोन मोजणाऱ्या गुणाकाराची. व्याख्या लिहिताना एक ठिकाण सांभाळा. कॉम्प्लेक्स संख्या असतील तर गणिताच्या बहुतेक पुस्तकांत पहिली जागा लिनिअर असते, भौतिकशास्त्रात दुसरी. दोन पुस्तकं शेजारी ठेवून अभ्यास केला तर कॉन्जुगेट चुकीच्या जागी पडतो आणि तासभर चूक सापडत नाही. पहिल्या पानावरच आपला करार लिहून टाका.

एखादा नॉर्म इनर प्रॉडक्टमधून आला आहे का, हे ओळखायला समांतरभुज चौकोनाचा नियम पुरतो. दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. जॉर्डन आणि फॉन नॉयमान यांनी १९३५ मध्ये दाखवलं की नियम पाळला गेला तर इनर प्रॉडक्ट नक्की मिळतो. सुप्रीमम नॉर्म तपासायला १ आणि टी ही दोन फंक्शन्स बस झाली. बेरजेचा नॉर्म २, वजाबाकीचा १, वर्गांची बेरीज ५. दुसऱ्या बाजूला २(१ + १), म्हणजे ४. नियम मोडला.

आता मूळ प्रश्न. एच ही हिल्बर्ट स्पेस, म्हणजे इनर प्रॉडक्ट असलेली कंप्लीट स्पेस, डब्ल्यू ही तिची क्लोज्ड सबस्पेस, एक्स हा बाहेरचा बिंदू. डब्ल्यूपर्यंतची सगळी अंतरं बघितली तर त्यांचा इन्फिमम (ज्याच्या खाली कुठलंच अंतर जात नाही अशी सर्वांत मोठी संख्या) डेल्टा. इन्फिमम आहे म्हणून डब्ल्यूमध्ये वाय-१, वाय-२, … असे बिंदू निवडता येतात, ज्यांचं एक्सपासूनचं अंतर डेल्टाकडे जातं. पण हे बिंदू स्वतः कुठे एकत्र येतात का? इथे समांतरभुज चौकोन कामाला येतो. एक्स − वाय-एन आणि एक्स − वाय-के या दोन बाजू धरल्या तर

‖वाय-एन − वाय-के‖² = २‖एक्स − वाय-एन‖² + २‖एक्स − वाय-के‖² − ४‖एक्स − (वाय-एन + वाय-के)/२‖²

शेवटच्या पदात जो मध्यबिंदू आहे तो डब्ल्यूमध्येच आहे, म्हणून त्याचं एक्सपासूनचं अंतर डेल्टापेक्षा कमी असू शकत नाही. उजवी बाजू २डेल्टा² + २डेल्टा² − ४डेल्टा² कडे, म्हणजे शून्याकडे दाबली जाते. सिक्वेन्स कॉशी झाली. एच कंप्लीट, म्हणून लिमिट आहे. डब्ल्यू क्लोज्ड, म्हणून लिमिट डब्ल्यूमध्ये आहे. तोच लंबपाद, आणि दोन लंबपाद असते तर हेच समीकरण त्यांच्यातलं अंतर शून्य करून टाकतं. ही सिद्धता मी पाठ न करता तिच्या तीन खुंट्या लक्षात ठेवतो. मध्यबिंदू आत राहणं, समांतरभुज चौकोन, कंप्लीटनेस. मध्यबिंदूपुरतंच बघितलं तर सबस्पेसही नको, क्लोज्ड कॉन्व्हेक्स सेट चालतो.

एकेक खुंटी काढून बघा. समांतरभुज चौकोन काढला तर एकमेवपणा जाऊ शकतो. प्रतलात कमाल किमतीचा नॉर्म घेऊन (०, १) पासून एक्स-अक्षाचं अंतर मोजा. (−१, ०) पासून (१, ०) पर्यंतचा प्रत्येक बिंदू नेमका १ अंतरावर, म्हणजे सगळेच सर्वांत जवळचे. अनंत मितींत तर लंबपादच नाहीसा होतो. [०, १] वरची, ० ला शून्य असणारी कंटिन्युअस फंक्शन्स घ्या, सुप्रीमम नॉर्म, म्हणजे स्पेस कंप्लीट. त्यात ज्यांचं इंटिग्रल शून्य आहे त्यांची क्लोज्ड सबस्पेस डब्ल्यू. २टी या फंक्शनचं इंटिग्रल १, आणि डब्ल्यूपासूनचं त्याचं अंतरही १ निघतं. पण १ अंतरावरचा बिंदू डब्ल्यूमध्ये असता, तर दोघांची वजाबाकी म्हणजे असं फंक्शन, ज्याची उंची १ च्या वर जात नाही आणि क्षेत्रफळ मात्र १ आहे. असं फंक्शन सगळीकडे १ च असावं लागेल, आणि ० ला तर ते शून्य आहे. १ च्या हवं तितकं जवळ जाता येतं, १ वर पोचता येत नाही. स्पेस कंप्लीट असूनही लंबपाद नाही, कारण नॉर्म इनर प्रॉडक्टचा नाही.

यानंतर आकड्यांनिशी एक उदाहरण पुरं करावं, नाहीतर सगळं हवेत राहतं. [०, १] वर टी² ला सर्वांत जवळची सरळ रेषा शोधा, इनर प्रॉडक्ट म्हणजे गुणाकाराचं इंटिग्रल. डब्ल्यू इथे दोन मितींची आहे, म्हणून कंप्लीटनेसची काळजी नाही. रेषा ए + बी·टी धरली, तर टी² − ए − बी·टी हे १ ला आणि टी ला लंब हवं. दोन समीकरणं मिळतात. ए + बी/२ = १/३ आणि ए/२ + बी/३ = १/४. उत्तर बी = १, ए = −१/६, म्हणजे रेषा टी − १/६. टी² पासून या रेषेच्या अंतराचा वर्ग १/१८०, म्हणजे अंतर साधारण ०.०७४५. हाच प्रश्न सुप्रीमम नॉर्ममध्ये विचारला तर उत्तर टी − १/८ येतं आणि सर्वांत मोठी चूक १/८. दोन्ही रेषा पॅराबोलासोबत एकाच आलेख कागदावर काढा. दुसऱ्या रेषेची चूक ०, १/२ आणि १ या तिन्ही ठिकाणी सारखीच आहे. पहिलीने टोकांना १/६ चूक पत्करली आहे, मध्ये मात्र ती जास्त जवळून जाते. दोन्ही आपापल्या मोजपट्टीने बरोबर आहेत.

रेषेऐवजी मोठ्या घाताची पॉलिनॉमिअल घेतली की समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये १, १/२, १/३, १/४ अशा संख्या भरतात. हीच हिल्बर्ट मॅट्रिक्स. ३×३ ला डिटर्मिनंट १/२१६०, आणि १०×१० ला कंडिशन नंबर (चूक किती पट वाढू शकते त्याचा आकडा) १०^१३ च्या घरात. म्हणजे संगणकाचे सोळाएक अंक असले तरी उत्तरात तीनच भरवशाचे उरतात. थिअरी सांगते लंबपाद आहे आणि एकच आहे, ते खरंच आहे, पण १, टी, टी² या जवळजवळ एकाच दिशेला झुकलेल्या फंक्शन्सनी तो काढायला जाणं चुकीचं. आधी ग्राम-श्मिटने ती लंब करून घ्यायची. इथवर आलं की ऑर्थोनॉर्मल (लांबी १ आणि एकमेकांना लंब) बेसिसची गरज सांगावी लागत नाही. फूरियर सिरीजही मग वेगळा विषय राहत नाही. [−पाय, पाय] वर टी चे साइनवरचे प्रक्षेप काढले, लांबीचा वर्ग दोन्ही बाजूंनी मोजला, तर १ + १/४ + १/९ + … ची बेरीज पाय²/६ समोर येते. एक सूचना एवढीच, की ऑर्थोनॉर्मल बेसिस म्हणजे लिनिअर अल्जिब्रातला बेसिस नव्हे. ई-१, ई-२, … यांच्या सांत बेरजांनी एल-टू भरत नाही, फक्त सी-झिरो-झिरो भरतं.

त्या सी-झिरो-झिरोच्या पानावर शेवटची नोंद रीस यांच्या प्रमेयाची करावी. हिल्बर्ट स्पेसवरचा प्रत्येक बाउंडेड फंक्शनल म्हणजे कुठल्यातरी ठरावीक सदिशाशी इनर प्रॉडक्ट, असं ते सांगतं, आणि त्याची सिद्धता लंबपादावरच उभी आहे. फंक्शनल जिथे शून्य होतो ती क्लोज्ड सबस्पेस घ्यायची, तिला लंब सदिश शोधायचा. आता सी-झिरो-झिरोवर एक्स-१ + एक्स-२/२ + एक्स-३/३ + … हा फंक्शनल घ्या. तो बाउंडेड आहे, नॉर्म पाय/√६. जिथे तो शून्य होतो ती सबस्पेस क्लोज्ड आहे आणि पूर्ण स्पेस नाही. तरी तिला लंब असा शून्याव्यतिरिक्त एकही सदिश सी-झिरो-झिरोमध्ये नाही. ई-१ − २·ई-२, ई-१ − ३·ई-३ हे सगळे त्या सबस्पेसमध्ये आहेत. त्या सर्वांना लंब राहायचं तर दुसरी संख्या पहिलीच्या निम्मी, तिसरी एक तृतीयांश, असं अखेरपर्यंत जावं लागतं, आणि सी-झिरो-झिरोत तर सिक्वेन्सला कुठेतरी शून्यावर थांबणं भाग आहे. हवा असलेला सदिश (१, १/२, १/३, …) हाच. तो सी-झिरो-झिरोच्या बाहेर, एल-टू मध्ये आहे, आणि (१, ०, ०, …), (१, १/२, ०, …), (१, १/२, १/३, ०, …) ही आतली कॉशी सिक्वेन्स त्याच्याचकडे जाते.